दूध संस्थेचं सॉफ्टवेअर आणि चार भाषा: दीड वर्ष वापरून झाल्यावर

बॅकएंडला (सर्व्हरवर चालणाऱ्या बाजूला) कुठली प्रोग्रामिंग भाषा शिकू असं विचारणारे मेसेज सारखे येतात म्हणून पीएचपी, जावास्क्रिप्ट (नोड), पायथन आणि गो ह्या चौघींबद्दल एकदाच सगळं लिहून टाकतो. माझं काम लहान आहे हे आधीच सांगतो, कोल्हापूर भागातल्या एका दूध संस्थेचं संकलनाचं सॉफ्टवेअर, ४०० च्या आसपास सभासद, सकाळ-संध्याकाळ दूध, फॅट आणि एसएनएफवरून (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दर, दर १० दिवसांनी बिल. लाखभर युजर वगैरे काही भानगड नाही. त्यामुळं सेकंदाला किती रिक्वेस्ट (सर्व्हरकडं आलेली मागणी) ते तक्ते माझ्या काडीच्या उपयोगाचे नव्हते, अडलं ते भलत्याच ठिकाणी.

मूळ सॉफ्टवेअर पीएचपीत, मीच लिहिलेलं, आणि लिहिताना काही कळत नव्हतं हे कोड बघून लगेच कळतं. तरी वर्षानुवर्षं चाललं बरं का. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट), फाइल एफटीपीनं सर्व्हरवर चढवली की काम झालं, बिल्ड (कोड जुळवून तयार करणं) नाही रीस्टार्ट नाही. वर प्रत्येक रिक्वेस्ट कोऱ्या पाटीवर सुरू होते आणि संपली की सगळं पुसलं जातं, म्हणजे मी मेमरीत कितीही घाण केली तरी पुढच्या माणसाला त्रास नाही. १९९५ साली रासमुस लेर्डोर्फनं स्वतःच्या वेबपेजसाठी केलेली हत्यारं बाहेर सोडली त्यातून ही भाषा वाढली, आणि ते जाणवतं पण, कुठल्या फंक्शनमध्ये शोधायची गोष्ट आधी आणि कुठल्यात नंतर हे मला अजून बघावं लागतं.

मग एका सकाळी होस्टिंगवाल्यानं न विचारता पीएचपी ७ वरनं ८ केलं. माझ्या कोडमध्ये फॅटचा रकाना शून्य असेल तर ती नोंद सोडून दे अशी अट होती. रिकामी स्ट्रिंग (काहीच न लिहिलेला मजकूर) आणि शून्य ७ पर्यंत दोन बरोबरच्या चिन्हांनी तपासलं तर समान यायचं, ८.० मध्ये (नोव्हेंबर २०२०) ते बदललं. बदल बरोबरच आहे म्हणा, पण रिकामे रकाने गुणाकारात शिरले, एरर आली, पान पांढरं, आणि बाहेर लोक किटल्या घेऊन रांगेत. संस्थेचे सेक्रेटरी आप्पा फोनवर एवढंच म्हणाले, "इंजिनिअर, वही काढू का?" त्या दिवशी ठरवलं की हे नव्यानं लिहायचं.

नोड (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणारं) घेतलं कारण ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट येत होती, म्हणलं एकच भाषा दोन्हीकडं. पहिले दोन महिने मजा आली. नोड एकाच थ्रेडवर (कामाच्या एकाच रांगेवर) फिरतं, डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत थांबत नाही, दुसऱ्याचं काम घेतं, रायन डालनं २००९ मध्ये ते ह्याच कल्पनेवर उभं केलं. पण ह्याची दुसरी बाजू बिलाच्या दिवशी दिसली. ४०० पीडीएफ बनवायचं काम मी त्याच थ्रेडवर टाकलं होतं, ते वाट बघायचं काम नव्हे, नुसती प्रोसेसरची मजुरी, मग तेवढा वेळ बाकी सगळे ताटकळत, संकलनाचा स्क्रीन नुसता गोल गोल. वर्कर थ्रेडमध्ये, म्हणजे बाजूच्या वेगळ्या थ्रेडवर, टाकल्यावर सुटलं, चूक माझीच होती, पण पीएचपीत ही चूक करता आलीच नसती. अवेट (उत्तर येईपर्यंत थांब) लिहायचं विसरलो तर दराच्या जागी प्रॉमिस (उत्तर नंतर देतो असा वायदा) येतं आणि गुणाकार करून नॅन (हा आकडाच नाही) मिळतो ते वेगळंच. आणि एनपीएम, नोडची तयार पॅकेजं मिळायची जागा! २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतल्यावर जगभरात बिल्ड पडले होते, ते वाचून हसलो होतो, मग स्वतःचं नोड मॉड्यूल्सचं (उतरवलेल्या पॅकेजांचं) फोल्डर उघडून बघितलं आणि हसू गेलं.

आता मराठीचं. ही गोष्ट कुठल्याच तुलनेत सापडत नाही आणि आपल्याला तीच सगळ्यात आधी चावते. मराठी एसएमएस एका मेसेजला ७० अक्षरांत बसवावा लागतो (इंग्रजीला १६०), म्हणून मी नाव १२ वर तोडत होतो. एक सभासद, नाव बदलतो, ज्ञानदेव मारुती. त्यांना मेसेज गेला, "ज्ञानदेव मार". गावात चार दिवस चेष्टा. झालं काय, आपण मोजतो सात अक्षरं आणि एक जागा, पण युनिकोडमध्ये (संगणकाची अक्षरं लिहायची पद्धत) काना, उकार, पाय मोडलेला हलन्त सगळं वेगळं मोजतात, ते होतात १५. नोडनं इमानेइतबारे पहिले १२ दिले. पीएचपीचं लांबी मोजणारं साधं स्ट्रलेन तर बाइट (साठवणीचं एकक) मोजतं, तिथं ४३ येतात, त्यानं तोडलं की अक्षराच्या मधोमध तुटून चौकोनी प्रश्नचिन्ह. पायथन १५, गो परत ४३. दिसणाऱ्या अक्षरावर तोडायचं तर नोडमध्ये इंटल सेगमेंटर आहे, पीएचपीत इंटल एक्स्टेन्शनची ग्राफीम फंक्शनं, पायथन आणि गोमध्ये बाहेरची लायब्ररी आणा. ह्या एका बाबतीत नोड आणि पीएचपी पुढं, सरळ सांगतो.

मग पैशांच्या हिशेबासाठी जँगोकडं (पायथनमधला वेबसाठीचा तयार सांगाडा) गेलो. ०.१ अधिक ०.२ ला ०.३ न येणं चारही भाषांत आहे, पीएचपी फक्त छापताना झाकतं. पायथनमध्ये डेसिमल (दशांश अचूक ठेवणारा आकडा) घरचंच आहे आणि जँगोत त्याचं फील्ड तयार मिळतं, दुधाच्या दराला ह्यापेक्षा काय पाहिजे. तरी जुनं-नवं शेजारी चालवलं तेव्हा काही बिलांत रुपयाचा फरक! दोन रात्री गेल्या. २,३४६.५० ला पीएचपी २,३४७ करतं, पायथन २,३४६, कारण बरोब्बर अर्धा आला की पायथन सम आकड्याकडं झुकतं. राउंड हाफ अप, म्हणजे अर्धा आला की वर, असं सांगावं लागतं. आप्पांना हे समजावायला गेलो तर म्हणाले सम-विषम गेलं खड्ड्यात, शेतकऱ्याचा रुपया द्या.

दुसरं, पहाटे सव्वापाचचं दूध आदल्या दिवसाच्या तारखेला पडायचं. सर्व्हरची वेळ यूटीसी (जगाची प्रमाणवेळ), आपण साडेपाच तास पुढं, म्हणजे साडेपाचच्या आत आलेलं सगळं दूध कालचं. टाइमझोन नाऊवरनं तारीख काढत होतो, लोकलडेट (आपल्याकडची तारीख) वापरायला पाहिजे होतं. ऑफिसात दहाला उठून टेस्ट करणाऱ्याला ही चूक जन्मात दिसणार नाही. बिलाचं पान हळू होतं ते मात्र नेहमीचंच, ४०० सभासदांना ४०० क्वेऱ्या (डेटाबेसला विचारणा), सगळं एकदम आणणारं प्रीफेच रिलेटेड लावलं, झालं.

पण जँगोचं ॲडमिन पॅनेल (माहिती भरायचे तयार स्क्रीन) म्हणजे, काय सांगू. हे फ्रेमवर्क अमेरिकेत कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या ऑफिसात जन्मलं, २००५ ला बाहेर आलं, तिथं प्रोग्रामर नसलेल्या माणसांना रोज माहिती भरायची असायची. आमच्या संस्थेतला क्लार्क तेच करतोय. सभासद जोडणे, दुरुस्ती, शोधणे ह्याचे स्क्रीन मी लिहिलेच नाहीत, आणि त्याचे मला येणारे फोन निम्म्यावर आले.

गो फक्त एका कामाला ठेवलं, केंद्रावरच्या मशीनमधनं येणारे आकडे घ्यायचे आणि डेटाबेसात टाकायचे. एक बायनरी (थेट चालणारी) फाइल, सर्व्हरवर टाकली, चालू, सात महिन्यांत तिच्याकडं बघितलं पण नाही. गोरूटीन (गोमधलं समांतर चालणारं छोटं काम) साधारण २ केबीच्या स्टॅकवर, म्हणजे एवढ्याशा मेमरीवर, सुरू होते, एकाच वेळी सगळी केंद्रं आली तरी काही नाही. लिहायला मात्र कंटाळवाणी भाषा, दर तिसऱ्या ओळीला एरर आहे का तपासा, आणि तारखेचा साचा म्हणून २००६ सालची २ जानेवारीच लिहायची हे पहिल्यांदा बघून मला वाटलं कुणाचा तरी टायपो आहे. अख्खं बिलिंग मी हिच्यात लिहिणार नाही.

सध्या बिल आणि ॲडमिन जँगोत, मशीनचं गोमध्ये, नोड काढून टाकलं. पीएचपीतलं सभासदानं स्वतःचं दूध बघायचं पान अजून त्याच जुन्या होस्टिंगवर आहे, तीन-चारशे ओळी आहेत, हात लावला नाही, आवृत्ती तेवढी आता मी स्वतः बदलतो. एसएमएसमध्ये नाव तोडणं बंद केलं, सभासद नंबर पाठवतो. ज्ञानदेवअण्णा भेटले की अजून म्हणतात, आज कुणाला मारायचं?