झुकलेल्या जीपचे पाटे आणि धुळ्याची भट्टी

जुन्या जीपची बहुतेक कामे घरच्या अंगणात करता येतात. चोपडा तालुक्यातील आमच्या घरी १९८९ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. तिचे २११२ सीसीचे प्युजो बनावटीचे डिझेल इंजिन अजून पहिल्या झटक्यात सुरू होते. वडिलांनी ती केळीच्या मळ्यात खतापासून माणसांपर्यंत सगळ्याची ने-आण करून वापरली आणि नंतर काही वर्षे गोठ्याशेजारी उभी ठेवली. गेल्या दोन वर्षांत तिच्या ब्रेकचे सिलिंडर, हबचे बेअरिंग, प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद चाकांच्या धुरीकडे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे आणि फरशीचा गंजून चाळण झालेला पत्रा ही कामे मी कडुनिंबाच्या सावलीत, गाडी लोखंडी घोड्यांवर (टेकूंवर) उभी करून, स्वतः केली. कमान पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या, मात्र बाहेर द्यावे लागले, कारण त्यासाठी लागणारी भट्टी, तेलाचा हौद आणि घणाचा सराव या तिन्ही गोष्टी माझ्याकडे नाहीत. ते काम धुळ्यातील ज्या पाटेवाल्याने करून दिले, त्याच्याविषयी आठ महिन्यांच्या वापरानंतर लिहीत आहे.

गाडीचे दुखणे साधे होते. ती उजवीकडे, म्हणजे चालकाच्या बाजूला, झुकली होती. नजरेवर विसंबू नये म्हणून मी घराच्या ओट्यासमोरच्या सपाट फरशीवर गाडी उभी केली, चारही चाकांत सारखी हवा भरली आणि प्रत्येक हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. पुढच्या दोन बाजूंत ३८ मिलिमीटरचा आणि मागच्या दोन बाजूंत २२ मिलिमीटरचा फरक निघाला. पाटे सोडवून पाहिल्यावर पुढच्या उजव्या संचातील मेन पाटा, म्हणजे सगळ्यांत वरचा, जवळजवळ सरळ झालेला आणि त्याखालचा दुसरा पाटा सेंटर बोल्टच्या (सगळे पाटे मधोमध एकत्र बांधणाऱ्या बोल्टच्या) भोकापाशी तडकलेला दिसला.

त्याआधी एकदा मी दुसऱ्या एका गावात हेच काम करून घेतले होते आणि त्याचा मला अजून राग आहे. तिथे मेन पाटा लाल होईपर्यंत तापवला, घणाने कमान दिली आणि तसाच मातीत गार होऊ दिला. गाडी परत घेतली तेव्हा ती ताठ उभी होती. तीन महिन्यांत पुन्हा बसली. पाट्याच्या पोलादात सिलिकॉन आणि मँगनीज असते, आणि त्याचा लवचीकपणा निव्वळ आकारातून येत नाही. लाल तापवलेला पाटा तेलात बुडवून कडक करावा लागतो आणि नंतर कमी उष्णतेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. पहिली पायरी गाळली तर पाटा मऊ राहतो आणि दुसरी गाळली तर खड्ड्यात तुटतो. आपल्याकडे या सगळ्याला ‘पाणी देणे’ म्हणतात, पण या पोलादाला प्रत्यक्षात पाणी दिले तर तडा जाण्याचीच भीती असते.

धुळे निवडण्यामागे कारण होते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग तिथे एकमेकांना छेदतात आणि सोलापूरचा रस्ताही तिथूनच निघतो, त्यामुळे मालमोटारींचे पाटे रोज उतरतात आणि रोज चढतात. अर्थात याच कारणाने मला शंकाही होती. मालमोटारीच्या जाडजूड पाट्यांवर घण चालवणारा हात जीपच्या पातळ पाट्याला जपेल का, हा प्रश्न घेऊन मी चारही संच एका नातेवाइकाच्या पिकअपमध्ये टाकून अमळनेरमार्गे तिथे पोहोचलो.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. पाटी शोधू नका. समोर रचलेला जुन्या पाट्यांचा ढीग हीच खूण. मिस्त्रींनी, ज्यांना तिथे सगळे नाना म्हणतात, सेंटर बोल्ट काढून प्रत्येक पाटा सुटा केला, वायर ब्रशने घासला आणि एका टोकाला धरून लहान हातोडीने वाजवला. चांगला पाटा घंटेसारखा घुमतो आणि तडकलेला बद्द वाजतो. माझ्या नजरेतून सुटलेली मागच्या संचातील एक बारीक चीर त्यांनी अशी कानाने पकडली, आणि माझ्या दृष्टीने या दुकानाचे पैसे तिथेच वसूल झाले. त्यानंतर त्यांनी डावीकडचा, कमी बसलेला पाटा फरशीवर ठेवून त्याची कड खडूने आखली, आणि उजव्या बाजूचा प्रत्येक पाटा त्या रेषेवर ठेवून पाहत गेले. डावा पाटादेखील तीस-पस्तीस वर्षांत थोडा बसलेला असणारच, हे लक्षात घेऊन रेषेबाहेर बोटभर कमान जास्त धरली.

थोडे बसलेले पाटे त्यांनी थंडच ठोकून आकारात आणले. फक्त दोन मेन पाटे भट्टीत घातले, तेलात विझवले आणि पुन्हा मंद आचेवर धरले. तडकलेल्या दोन पाट्यांच्या जागी नव्या पट्टीतून कापून, भोक पाडून, दुसरे बनवले. किती वेळ लागेल असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “दोन दिन लागतीन, भाऊ.” चार लागले. मालमोटार आली की जीप मागे पडते, हे तिथे गृहीत धरूनच जावे.

आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. माझ्यासोबत आलेल्या मित्राने गाडी तीन इंच उंच करून मागितली, कारण त्याला मोठे टायर बसवलेली जीप रुबाबदार वाटते. नानांनी स्पष्ट नकार दिला. कमान वाढवली की दोन्ही शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात; ९१ इंची व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतराच्या) या गाडीत मागचा शाफ्ट आधीच आखूड आहे. शिवाय पुढच्या धुरीचा कोन बदलून स्टिअरिंग भटकू लागते. मी त्यात भर घातली की मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि इतक्या जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकृत करून घ्यावी लागते. मित्र गप्प झाला, पण त्याला पटले असे म्हणता येणार नाही.

आता तक्रारी. पहिली म्हणजे लेखी काहीच मिळत नाही. एकूण ६,४०० रुपये झाले, त्यात मजुरी, दोन नवे पाटे आणि चार सेंटर बोल्ट आले. सुरुवातीला तोंडी सांगितलेला आकडा ५,००० होता. नवे पाटे वाढल्यामुळे फरक पडला हे मान्य, पण काम वाढले तेव्हा फोन करायला हवा होता. दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पाटे बांधताना मागच्या एका संचाची क्लिप बसवायची राहून गेली होती. गाडी उसळताना खालचे पाटे मेन पाट्यापासून फाकू नयेत आणि शेजारी सरकू नयेत, हे काम त्या क्लिपचे असते. ती घरी बसवायची म्हणजे सगळे पुन्हा सोडवणे आले, ते मी निमूटपणे केले. तिसरी म्हणजे काळ्या रंगाचा अतिरेक. बुश बसण्याच्या डोळ्यांतही, म्हणजे पाट्याच्या टोकांच्या गोल भोकांतही, रंग थापला होता आणि तो खरवडण्यात माझी एक सकाळ गेली. आतल्या पृष्ठभागांवर ग्राफाइट ग्रीस लावून द्या असे बजावले होते, ते मात्र त्यांनी व्यवस्थित केले होते.

बसवणी घरी केली. पाटे धुरीला आवळणारे जुने यू-बोल्ट परत वापरले नाहीत, कारण एकदा ताणलेल्या आट्यांवर पुन्हा विश्वास ठेवणे मला पटत नाही. शॅकलचे (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) रबरी बुशही नवे घातले आणि त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवून, वजन पडल्यावरच पूर्ण आवळले. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हा चारपैकी तीन ठिकाणी पाना थोडा फिरला.

गाडी बसवून झाल्यावर पुढचा फरक ३८ वरून ४ मिलिमीटरवर आणि मागचा २२ वरून ५ वर आला होता. त्यानंतर सातपुड्याच्या पायथ्याचे दगडी रस्ते, शहाद्याहून तोरणमाळला जाणारा घाट आणि पावसाळ्यातील काळ्या मातीचा चिखल असा सगळा वापर झाला. आठ महिन्यांनी, त्याच फरशीवर, तेवढीच हवा भरून मोजले तेव्हा पुढे ७ आणि मागे ६ मिलिमीटर फरक निघाला. भट्टीतून गेलेल्या मेन पाट्याच्या कडेवर कानस फिरवून पाहिली. मऊ लोखंडात शिरते तशी ती शिरली नाही, घसरतच गेली. रिकाम्या गाडीत मागची बाजू आता पूर्वीपेक्षा किंचित ताठ वाटते, आणि मागे बसणाऱ्या आईचे मत याबाबतीत माझ्याइतके चांगले नाही.

जाणार असाल तर पाटे सोडवण्याआधी प्रत्येक संचावर पंचाने डावा-उजवा, पुढचा-मागचा अशी खूण करा. तिथे चिठ्ठी बांधण्याची पद्धत नाही आणि खडू दुसऱ्या दिवशी पुसलेला असतो. सकाळी लवकर पोहोचा, क्लिपा मोजून द्या, मोजून घ्या, आणि डोळ्यांना रंग लावू नका असे निघताना पुन्हा एकदा सांगा.