सलाम पोचतो, पेन्शन पोचते का? ‘स्पर्श’ची परीक्षा

२६ जानेवारीला भाषणं होतात, ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो. पण पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत गावी परतलेल्या जवानाचा सरकारशी नियमित संबंध उरतो तो पेन्शनपुरता. त्याच्याबद्दलचा आदर खरा की तोंडदेखला, हे महिनाअखेरीला खात्यावर कळतं. म्हणून ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलला नेहमीच्या सरकारी संकेतस्थळापेक्षा कडक माप लावलं पाहिजे.

पूर्वी पेन्शन बँक, ट्रेझरी किंवा डीपीडीओमार्फत (संरक्षण पेन्शन वाटप कार्यालयामार्फत) यायची. पेन्शन मंजूर करणारा एक आणि प्रत्यक्ष हिशेब करून देणारा दुसरा. वेतन आयोग किंवा वन रँक वन पेन्शनचं (समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन) परिपत्रक आलं की बँक आपल्या समजुतीने आकडा बसवायची, आणि चूक झाली तर पेन्शनरने तक्ते घेऊन शाखेत हेलपाटे मारायचे. आता प्रयागराजचं पीसीडीए (पेन्शन) हे संरक्षण खात्याचं हिशेब कार्यालय थेट खात्यात पैसे भरतं. हा बदल चांगला आहे. पेन्शन स्लिपवर मूळ पेन्शन, महागाई सवलत, कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेतल्याची) कपात हे सगळं वेगवेगळं दिसतं. कम्यूट केलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू व्हायचा असतो. ती तारीख पूर्वी बँकेला आठवण करून द्यावी लागे, आता नोंद बरोबर असेल तर स्वतः तपासता येते.

घोळ सुरू होतो तो हयातीच्या दाखल्यापासून, म्हणजे पेन्शनर जिवंत असल्याच्या दरवर्षीच्या ओळखीपासून. एप्रिल २०२२ मध्ये स्पर्शवर नव्याने आलेल्या ५८ हजारांहून अधिक पेन्शनरांची वार्षिक ओळख वेळेत नोंदली गेली नव्हती, म्हणून त्यांची पेन्शन थांबली. ओरड झाल्यावर संरक्षण मंत्रालयाने ४ मे रोजी पैसे सोडले आणि ओळखीसाठी २५ मेपर्यंत एकवेळची मुदत दिली. निर्णय झटपट झाला हे खरं, पण ही वेळ यायलाच नको होती.

आजही दाखला अडतो तो बहुतेक एकाच चुकीमुळे. मोबाइलवरून हा दाखला देण्याच्या जीवन प्रमाण ॲपमध्ये पेन्शन मंजूर करणारी संस्था म्हणून ‘डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि पेन्शन देणारी संस्था म्हणून ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायचं असतं. शहराचं नाव बदललं तरी यादीत अलाहाबादच शोधायचं. पेन्शनर सवयीने जुन्या बँकेचं नाव निवडतात, प्रमाण आयडी (दाखल्याचा क्रमांक) तयार होतो, मोबाइलवर मेसेजही येतो. सगळं झालं असं वाटतं, पण दाखला भलतीकडे गेलेला असतो. पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांकही जुना नाही, स्पर्शचा १२ आकडी टाकायचा. बोटांचे ठसे झिजले असतील तर चेहऱ्याने ओळख पटवण्याची सोय आहे. त्यासाठी आधारचं फेस आरडी ॲप वेगळं घ्यावं लागतं, आणि चेहऱ्यावर समोरून उजेड हवा. दोन-चार दिवसांनी स्पर्शवर लॉगिन करून ओळखीची पुढची तारीख सरकली का ते बघा. मेसेजवर विसंबू नका.

सर्वांत कच्चा दुवा आहे नावांचा, आणि आपल्याकडे तो जास्तच टोचतो. रेकॉर्ड ऑफिसच्या (जवानाच्या नोकरीच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाच्या) नोंदीत बायकोचं नाव ‘शांताबाई’, आधारवर ‘शांता’, बँकेत आडनाव आधी. कुठे माहेरचं नाव तसंच राहिलेलं. जन्मतारीख शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहिलेली १ जून, नाहीतर मुळीच नाही. माणसाला हा फरक एका नजरेत कळतो, संगणकाला ती दोन माणसं वाटतात. कोऱ्या जन्मतारखेचं नुकसान उशिरा लक्षात येतं: वयाची ८० पूर्ण झाल्यावर कुटुंब पेन्शनवर (जवानाच्या मागे बायकोला मिळणाऱ्या पेन्शनवर) २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०. तारीखच नसेल तर ही वाढ कशाच्या आधारावर सुरू होणार? दुरुस्तीचा अर्ज पोर्टलवर करता येतो, पण जी नोंद मुळात रेकॉर्ड ऑफिसची आहे ती तिथूनच सुधारावी लागते. कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून तपासून, डिस्चार्ज बुकाच्या (नोकरी संपताना मिळालेल्या पुस्तिकेच्या) प्रतीसह पाठवलेले बरे. नुसती ऑनलाइन तक्रार टाकून वाट बघण्यात महिने जातात. समाधान आयोजनाचं (पेन्शनच्या तक्रारी सोडवण्याचं) शिबिर जवळपास लागलं तर सगळी फाइल घेऊन जावं, समोरासमोर काम लवकर उरकतं.

हे सगळं नवरा हयात असतानाच करून ठेवायचं. त्याची सही आणि त्याचं डिस्चार्ज बुक हाताशी असतं तोवर दुरुस्ती सोपी, नंतर तेच काम बायकोला दुखवट्यात एकटीने करावं लागतं.

मृत्यूची नोंद लॉगिन न करताही पोर्टलवर करता येते, ही सोय खरोखर विचारपूर्वक केलेली आहे. नोंद लांबवू नये. दरम्यान जमा झालेली जादा पेन्शन पुढे वसूल होते, आणि ती वसुली विधवेच्या तुटपुंज्या रकमेतून होते. निवृत्तीनंतर मृत्यू झाला तर वाढीव दराची कुटुंब पेन्शन ७ वर्षं, किंवा पती हयात असते तर ६७ वर्षांचे झाले असते त्या तारखेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर मिळते. मग ती शेवटच्या वेतनाच्या ३० टक्क्यांवर येते. हे कुणी आधी सांगितलेलं नसतं, त्यामुळे रक्कम घटली की पोर्टलची चूक समजून तक्रार होते. अशा वेळी आधी स्लिपवरचा दर आणि तारीख बघा.

पैसे वेळेवर आणि थेट पोचवण्यात स्पर्शला ५ पैकी ४ गुण. नोंदी दुरुस्त करण्यात २, तेही शिबिरांमुळे.