बुरशीनाशक फवारा : न्हाणीत उत्तीर्ण, मधल्या खोलीत नापास

साकोली तालुक्यातील आमच्या गावी श्रावणात झड लागली की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि मधल्या खोलीच्या उत्तरेकडील भिंतीवर, जिथे धानाचे कट्टे रचलेले असतात, काळपट-हिरवे ठिपके उमटू लागतात. यंदा ते छताच्या कोपऱ्यापर्यंत चढले आणि आईचा रात्रीचा खोकला वाढला, म्हणून तालुक्याच्या बाजारातून बुरशीनाशक फवाऱ्याची अर्ध्या लिटरची बाटली २४० रुपयांना आणली. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. त्यातील मुख्य घटक सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनयुक्त ब्लीच, आहे आणि तोच घटक असलेल्या इतर बाटल्यांनाही पुढील मजकूर बव्हंशी लागू पडेल.

न्हाणीतील टाइल्सवर आणि नळाभोवती या फवाऱ्याने चोख काम केले. पंधरा मिनिटांत डाग फिके पडले, ओल्या फडक्याने पुसताच निघाले आणि दीड महिना परतले नाहीत. टाइल पाणी शोषत नाही, त्यामुळे बुरशी वरच्यावरच वाढते आणि औषध तिच्यापर्यंत थेट पोहोचते. मधल्या खोलीतील प्लास्टरची भिंतही पहिल्या दिवशी पांढरीशुभ्र दिसली, आणि बाराव्या दिवशी तेच ठिपके, त्याच जागी, जणू कोणी गिरवून ठेवावेत तसे पुन्हा उमटले. प्लास्टर सच्छिद्र असते, बुरशीचे तंतू त्याच्या आत शिरलेले असतात आणि क्लोरीनचा जोर पृष्ठभागावरच संपतो. आत मुरते ते द्रावणातील पाणी, म्हणजे बुरशीला हवे असलेले नेमके तेच. वेष्टनावर ‘सर्व प्रकारच्या भिंतींसाठी’ असे छापले आहे. तो दावा मला मान्य नाही.

वेष्टनावरील दुसरा दावा मला अधिक खटकला. ‘काळ्या बुरशीपासून कुटुंबाचे रक्षण’ हे शब्द वाचताच विदर्भातील माणसाला २०२१ सालचे नागपुरातील दवाखाने आठवतात. तो आजार, म्युकरमायकोसिस, वेगळ्या गटातील बुरशीमुळे होतो आणि तो प्रामुख्याने अनियंत्रित मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या वा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना गाठतो. घरांत सर्रास आढळणाऱ्या बुरशी म्हणजे क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम, आणि त्यांच्या रंगावरून कोणती किती घातक हे ठरवता येत नाही. भीती विकून खप वाढवण्याचा हा प्रकार आहे.

याचा अर्थ भिंतीवरील बुरशी निरुपद्रवी आहे असा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत घरातील ओल व बुरशी यांचा संबंध खोकला, श्वासातील घरघर, ॲलर्जी आणि दम्याशी जोडला आहे. आईला जुना दमा आहे. डॉक्टरांनी तिची खाट त्या भिंतीपासून हलवायला सांगितले आणि तेवढ्यानेच खोकला बराच उतरला, हे फवाऱ्याच्या श्रेयात धरता येणार नाही. शिवाय मेलेल्या बुरशीचे बीजाणूही ॲलर्जी करतात, म्हणून फवारून सोडून देणे पुरेसे नाही, ओल्या फडक्याने पुसून घेणे आवश्यक आहे. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने खरवडल्यास बीजाणू खोलीभर उडतात. पहिल्या दिवशी मी नेमके हेच केले आणि संध्याकाळपर्यंत शिंकत बसलो.

फवारताना दार-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे आणि मास्क वापरावा, आणि दमेकऱ्याला त्या वेळी घराबाहेर, सांदवाडीत बसवावे, कारण औषधाचा वासही छातीत भरतो. आपल्याकडे टाइल्स घासण्यासाठी सर्रास ॲसिड वापरतात. ते या औषधात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. ही सूचना बाटलीवर आहे, परंतु भिंगाशिवाय न दिसणाऱ्या इंग्रजी अक्षरांत, आणि माझ्या मते हा या उत्पादनाचा सर्वांत गंभीर दोष आहे.

ओल येत कुठून होती, हे शेवटी गवंड्याने दाखवले. उन्हाळा संपूनही त्या भिंतीच्या खिडकीत कूलर तसाच होता, झडीचे पाणी त्याच्या चौकटीलगतच्या फटीतून आत झिरपत होते आणि कूलरच्या भिजलेल्या ताट्यांवरही बुरशी धरली होती. कूलर काढला, फट सिमेंटने बुजवली आणि कट्टे लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचले. कट्ट्यांजवळ फवारा मारू नये, हे वेगळे सांगायला नको. पण बुरशी लागलेले धान्य धुऊन किंवा शिजवून खाण्याच्या भानगडीतही पडू नये, कारण काही बुरशींची विषे शिजवूनही नष्ट होत नाहीत.

पाच पैकी मी या फवाऱ्याला अडीच गुण देतो, तेही न्हाणीच्या जोरावर. घेताना उत्पादनाची तारीख अवश्य पाहावी, कारण हायपोक्लोराइटचा जोर ठेवून ठेवून कमी होतो, विशेषतः आपल्याकडच्या उन्हाळ्यात. मला मिळालेली बाटली मार्चची होती आणि दुकानाच्या काचेत, उन्हातच मांडलेली होती.