200 एमबीपीएसचं फायबर, लोकमान्य नगर, इंदूर: 5 पैकी 3 तारे, त्यातला एक लाइनवाल्या मुलाचा

कंपनीचं नाव घेत नाही, आमच्या गल्लीत सगळ्यांकडे तीच आहे त्यामुळे ज्याला कळायचं त्याला कळेलच. दिवाळीनंतर घेतलं, 6 महिन्यांचे पैसे आधी, राउटर फुकट. सकाळी स्पीड टेस्ट लावली तर 190 च्या वर दाखवतं, खोटं कशाला बोलू. पण रात्री साडेआठ झाले की राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागतो, नेट गायब, आणि मग आमचे काका सुरू.

काकांच्या मते हे सगळं त्या जिनिव्हाच्या मशीनमुळे. 2008 पासून हेच ऐकतोय. त्या वर्षी जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबली तुटल्या होत्या आणि अख्ख्या देशाचं नेट रांगत होतं, मग 10 सप्टेंबरला जिनिव्हाच्या सर्न या संशोधन संस्थेनं तो 27 किलोमीटरचा कोलायडर, म्हणजे अणूंतल्या कणांच्या टकरी घडवणारं मशीन, चालू केला, आणि काकांच्या डोक्यात या दोन गोष्टींची जी गाठ बसली ती आजपर्यंत सुटलेली नाही. गणपतीचे दिवस होते. त्या मशीनमध्ये कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळेल म्हणून चॅनलवाले घसा फोडत होते आणि आमच्या वाड्यात एकच चर्चा की अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला मिळणार का त्याच्या आधीच सगळं आत खेचलं जाणार. काकूंनी त्या दिवशी मोदक पुन्हा केले, म्हणाल्या जायचंच आहे तर तुपाचा डबा कोणासाठी ठेवू. हसलो खूप. मग आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका मुलीनं त्या बातम्यांच्या धसक्यानं जीव दिल्याचं छापून आलं, त्यानंतर वाड्यात तो विषय कोणी काढला नाही.

गंमत म्हणजे त्या मशीनचे जॅक आपल्या कॅटकडून गेलेले. हो, तेच इंदूरच्या कॅट रोडवालं कॅट, सरकारी संशोधन केंद्र, आता नाव राजा रामण्णा केंद्र आहे पण रिक्षावाल्याला ते सांगून बघा. 15 मीटर लांब, 35 टनांचं एकेक चुंबक केसभर इकडेतिकडे सरकवून बसवायला लागतात ते जॅक, हजारोंनी. हे सांगितलं की काका जरा वेळ गप्प बसतात, मग म्हणतात, बरं, पण नेट तर तेच खातात ना?

नाही खात हो काका! तेव्हा पेपरांत दोन्ही छापून यायचं, एकीकडे यांच्या ग्रिडनं, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यानं, नेट 10 हजार पट फास्ट होणार, दुसरीकडे यांच्या डेटानं नेट तुंबणार. वर्षाला 15 पेटाबाइटचा, म्हणजे दीड कोटी जीबीचा, अंदाज होता, खूप वाटतं, पण टकरींमधलं बहुतेक सगळं तिथल्या तिथेच गाळून फेकतात आणि उरलेलं मोठ्या सेंटरांना पाठवायला त्यांच्या स्वतःच्या 10 जीबीपीएसच्या लाइनी होत्या. आपल्याकडे येतं ते कोलकात्याला आणि मुंबईला टीआयएफआर या टाटांच्या संशोधन संस्थेमध्ये, लोकमान्य नगरच्या खांबावर काही येत नाही.

आता मूळ मुद्दा, सर्व्हिस. कस्टमर केअर म्हणजे शिक्षा. 5 वेळा कम्प्लेंट केली, 5 वेळा "राउटर बंद करून चालू करा" आणि अर्ध्या तासात "आपकी समस्या हल हो गई है" असा मेसेज. एक तारा तिथेच कापला. सहाव्या वेळी एक मुलगा आला, विशीतला, खांद्याला पिशवी. राउटरची वायर काढून त्यानं सिग्नल मोजायच्या मीटरला लावली, उणे 28, उणे आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर. म्हणाला, "भिया, इतने में तो रोता ही रहेगा." खांबावर चढला, डबा उघडला तर आत पाणी आणि जोड खराब. तिथेच शिडीवर बसून जुना तुकडा कापला, आतली काचेची तार पुसली, छोट्या मशीनमध्ये दोन टोकं ठेवली, स्क्रीनवर ती एकमेकांना चिकटताना दिसली, वरून बाही चढवून गरम केली. पुन्हा मीटर, उणे 19. दहा मिनिटं.

मी खाली उभा राहून काकांना म्हटलं, तुमचं ते मशीनसुद्धा असंच एका जोडापायी बंद पडलं होतं, चालू करून 9 दिवस नाही झाले तर दोन चुंबकांमधला विजेचा एक जोड जळला, कित्येक टन हेलियम बाहेर, आणि पुढे वर्षाहून जास्त बंद. पृथ्वी गिळणार होतं म्हणे.

काका मानले नाहीत. त्याच रात्री त्यांनी ग्रुपवर फॉरवर्ड टाकला की आज रात्री 12.30 ते 3.30 कॉस्मिक, म्हणजे अवकाशातून येणारे, किरण येणार, मोबाइल लांब ठेवा. अहो ते किरण अब्जावधी वर्षं रोजच पडतायत, त्या मशीनपेक्षा कितीतरी जोरात, आणि त्याच हिशोबावर शास्त्रज्ञ सांगत होते की घाबरू नका, काही होत नाही! असो, मोबाइल लांब गेला, काका निवांत झोपले.

सध्या रात्री 120 पर्यंत मिळतं, दिवा हिरवा. ज्या 11 दिवशी नेट बंद होतं त्याचे पैसे कापून देतो म्हणाले, अजून दिले नाहीत, दुसरा तारा त्यासाठी कापलाय. पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. त्या मुलानं कंपनी सोडली नसेल तर भरीन.