हेळव्याची वही: पिढ्या मिळतात, आजार विचारून घ्यावे लागतात

सुगी सरली की बेळगाव, हुक्केरी, चिकोडी भागात हेळवी, म्हणजे कुळांच्या वंशावळीच्या वह्या सांभाळणारे, दारात येतात. पूर्वी बैलावरून यायचे, आता अनेक जण मोटारसायकलवरून. कुळाचं नाव घेऊन पिढ्या वाचायच्या, गेल्या खेपेनंतरचे जन्म वहीत चढवायचे आणि धान्य, कापड किंवा रोख घेऊन पुढचं घर गाठायचं, अशी ही सेवा. घराण्याचा माग काढणाऱ्याने सुरुवात इथूनच करावी. घरातल्या साखरेचा आणि बीपीचा माग काढायचा असेल तर मात्र वही अर्ध्या वाटेवर सोडते.

मूळ गाव कोणतं, तिथून कोण उठून आलं, कोणाला किती मुलगे, कोणाची शाखा खुंटली, हे एका बैठकीत कळतं. इतकं दुसरीकडे कुठे मिळत नाही. नाडकचेरीतला (गावपातळीच्या महसूल कार्यालयातला) वंशवृक्षाचा दाखला वारसा लावण्यापुरता असतो, तो फार मागे जात नाही. जमिनीचे जुने उतारे आणि फेरफार मात्र वहीच्या जोडीला हवेतच, कारण वारसाच्या फेरफारावर तारीख असते आणि वहीत ती क्वचितच सापडते. 1956 पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे त्याआधीचे कागद कन्नडबरोबर मराठीत आणि मोडीतही निघतात. चंदगड तालुका त्या वर्षी कोल्हापूर जिल्ह्यात गेला. तिकडच्या कुळांनी जुन्या कागदांसाठी बेळगावातही चौकशी करावी.

सर्वांत जास्त घोळ होतो तो नावांत. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, म्हणून परशराम, भरमा, परशराम, भरमा अशी रांग लागते आणि उतरवून घेताना एक जोडी गळते. प्रत्येक नावापुढे बायकोचं नाव आणि वाटणीला आलेल्या शेताचा सर्व्हे नंबर लिहा, म्हणजे दोन परशराम एक होणार नाहीत. वर्ष आठवत नसेल तर 1918 ची मानमोडी (इन्फ्लुएंझाची साथ) किंवा 1972 चा दुष्काळ, त्याच्या आधी की नंतर, एवढंच विचारा. वही कन्नड लिपीत असेल तर हेळव्याला विचारून वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करा. घाईत लिहिलेलं नाव नंतर ताडून पाहता येतं.

खरी उणीव पुढे आहे. वही बापाच्या अंगाने चालते, लेकी-सुना बहुतेक गाळलेल्या. आनुवंशिक आजार तर आईकडूनही येतात. त्यात आपल्याकडे मामाच्या मुलीशी आणि काही घरांत मामा-भाचीचंही लग्न होतं. मामे-आतेभावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात, मामा-भाचीत चौथा. नात्यात वरचेवर रक्त चढवावं लागणारं मूल असेल तर लग्नाआधी दोघांची थॅलेसेमियासाठी (रक्ताचा आनुवंशिक आजार) एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या. दोघेही वाहक (स्वतः आजारी नसले तरी दोष पुढे देऊ शकणारे) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. सोयरीक जुळवताना आजोळच्या तीन पिढ्या कागदावर असणं म्हणूनच गरजेचं आहे.

मृत्यूचं कारणही वहीत नसतं. मृत्यूच्या दाखल्यावर शोधू नका: 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे दाखल्यात कारण उघड करता येत नाही. ते घरातल्या म्हाताऱ्यांनाच विचारायचं आणि त्यांच्याच शब्दांत लिहायचं. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे अर्धांगवायू. ‘पायाची जखम भरेना, शेवटी पाय कापला’ म्हटलं की मधुमेहाची शंका घ्यावी. ‘अंग सुजून गेला’ एवढ्यावर थांबू नका. दम लागत होता का, लघवी कमी झाली होती का, पोट फुगलं होतं का, दारू होती का, हेही विचारा, कारण हृदय, मूत्रपिंड आणि यकृत तिन्हींत सूज येते.

आजार सुरू झाला तेव्हाचं वय लिहायला अजिबात विसरू नका. वडील किंवा भावाला 55 च्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर त्याला वेगळं वजन देतात. आईवडिलांपैकी कोणाला साखर असेल तर तिशीपासून उपाशीपोटी साखर तपासा. 100 ते 125 म्हणजे काठावर. 126 किंवा वर आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करायची. कमरेचा घेर पुरुषाचा 90 सेंटीमीटर आणि बाईचा 80 च्या आत हवा. टेप बेंबीच्या वर, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरा, श्वास सोडून. पँटची साइज पाहून अंदाज केला तर तो बहुधा कमीच निघतो.

बिदागी ठरलेली नसते. पुढच्या खेपेला घरातल्या लेकी-सुनांची नावं, माहेरची गावं आणि जन्मवर्षं स्वच्छ अक्षरात लिहून ठेवा. हेळवी दारात आला की ती यादी हातात द्या आणि समोर बसून वहीत चढवून घ्या.