उरुग्वेचा किनारा: भाड्याची मोटार घ्यावी की बसने जावे?

उरुग्वेची तिकिटे काढून बसलेल्या दोन-तीन परिचितांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला आहे: तिथे गेल्यावर मोटार भाड्याने घ्यावी की बसने फिरावे? मी दोन्ही करून पाहिले आहे. पहिल्या खेपेला मार्च महिन्यात पत्नीसह दहा दिवस मोटारीने हिंडलो आणि दुसऱ्या खेपेला नोव्हेंबरात एकटाच दोन आठवडे बसने गेलो. वाट दोन्ही वेळा जवळपास तीच होती, म्हणजे पश्चिमेच्या कोलोनिया देल साक्रामेंतोपासून ब्राझीलच्या सीमेवरील चुईपर्यंतचा किनारा. माझ्याजवळ मोजमापे नाहीत, केवळ अनुभव आहे, आणि त्यात माझ्या आवडीनिवडी मिसळलेल्या आहेत, हे आधीच कबूल केलेले बरे.

देशाचा आकार महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडा अधिक आणि लोकसंख्या साधारण ३५ लाख, त्यातील जवळजवळ निम्मे लोक राजधानी मोंतेविदेओ आणि तिच्या परिसरात राहतात. उरलेल्या भागात रस्ते मोकळे आणि गुरे माणसांहून कितीतरी अधिक. बहुतेक हमरस्ते मोंतेविदेओतून पंख्याच्या काड्यांसारखे फाकतात आणि अंतरेही राजधानीतल्या कागांचा चौकातील शून्य किलोमीटरपासून मोजली जातात. शहराबाहेरचे पत्ते घरक्रमांकांऐवजी किलोमीटरमध्ये सांगण्याची तिथे पद्धत आहे: अमुक क्रमांकाचा मार्ग, तमुक किलोमीटर. मोटारवाल्याला हे फार सोयीचे पडते आणि बसवाल्यालाही, कारण चालकाला नेमका आकडा सांगितला की तो त्या दगडापाशी उतरवून देतो.

मोटारीचे गुण आधी सांगतो, कारण ते खरोखर आहेत. मोंतेविदेओहून पूर्वेला निघाल्यावर पाऊण तासावर अत्लांतिदा लागते. तिथल्या जुन्या रेल्वे स्टेशनाच्या वस्तीत एलादिओ दिएस्ते या अभियंत्याने बांधलेले विटांचे चर्च आहे. त्याच्या भिंती सरळ नाहीत, लाटेसारख्या नागमोडी आहेत, आणि ही नागमोडच त्यांना बळ देते. २०२१ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. बसने तिथे जाता येते, पण उतरा, चाला, पुन्हा थांबा शोधा, पुढच्या गाडीची वाट पाहा, असा अर्धा दिवस त्यात जातो. मोटारीने आम्ही वाकडी वाट करून तासाभरात परतही आलो. पुढे होसे इग्नासिओ गावाच्या पलीकडे लागुना गार्सोन या किनाऱ्यालगतच्या सरोवरावरचा वर्तुळाकार पूल आहे. वास्तुकार राफाएल विन्योली यांनी आखलेला हा पूल २०१५ मध्ये खुला झाला. तोवर मोटारी तराफ्यावर चढवून पलीकडे न्याव्या लागत. रस्ता मुद्दाम गोल केला आहे, म्हणजे येणाऱ्याने वेग कमी करावा आणि पाण्याकडे पाहावे. आम्ही तो दोनदा पार केला, दुसऱ्यांदा निव्वळ हौसेने. बसच्या खिडकीतून अशी हौस भागत नाही. कास्तियोसच्या आसपास नवव्या क्रमांकाच्या मार्गालगत बुतिया जातीच्या ताडांची पसरलेली बने आहेत, तिथेही वाटेल तेव्हा थांबता येणे हे मोटारीचेच सुख.

शाकाहाराचा मुद्दा मराठी वाचकांसाठी लहान नाही. देश गोमांसाचा आहे आणि किनाऱ्यावरच्या लहान गावांत हंगाम संपल्यावर निम्मी उपाहारगृहे बंद असतात. मोटारीच्या डिकीत आम्ही दोन लिटरचा कुकर, तांदूळ, मुगाची डाळ आणि मसाल्याचा डबा ठेवला होता, आणि स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेत गेलो. पत्नीचे मत विचाराल तर हा एकच मुद्दा निकाल लावण्यास पुरेसा आहे. बसने गेलो तेव्हा मी पाठीवर कुकर वाहिला नाही आणि दोन आठवडे मुख्यतः चीजचा पिझ्झा आणि फायना यांवर काढले. फायना म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचा, मोठ्या तव्यात भट्टीत भाजलेला जाड थर. वर पांढरी मिरी भुरभुरवतात. आपल्या बेसनाच्या पोळ्याचा हा सावत्र भाऊ समजावा. मिरची आणि कोथिंबीर नसली तरी चार दिवस तो आनंदाने खाता येतो. पाचव्या दिवशी मात्र कुकरची आठवण येते.

मोटारीच्या बारीकसारीक कटकटी मी मोजत नाही. वाहतूक उजव्या बाजूने चालते, पण रस्ते इतके रिकामे असतात की दुसऱ्या दिवशी सवय होते. इंडिकेटरचा दांडा डावीकडे असल्याने पहिले दोन दिवस प्रत्येक वळणावर कोरड्या काचेवर वायपर फिरला, यापलीकडे काही घडले नाही. दिवसाही दिवे लावून ठेवावे लागतात. पेट्रोल महाग आहे. परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना आधी काढून न्यावा. चालकासाठी मद्याची मर्यादा थेट शून्य आहे, त्यामुळे ज्या ‘तान्नात’ जातीच्या द्राक्षांच्या मळ्यांपर्यंत मोटार आपल्याला घेऊन जाते, त्यांच्या वारुणीचा घोट चालवणाऱ्याने घ्यायचा नसतो. मी तो बाटलीतून मुक्कामी नेला. कंपनीने मोटार परत घेताना पुढच्या काचेवरच्या गव्हाच्या दाण्याएवढ्या टवक्यावरून अर्धा तास घातला. तेही मी एरवी विसरून गेलो असतो.

आता बस. मोंतेविदेओचे त्रेस क्रूसेस स्थानक हे बाजारसंकुलाच्या पोटातले मोठे, स्वच्छ आणि नीट चालणारे स्थानक आहे. एका ओळीत कंपन्यांच्या खिडक्या, प्रत्येकीवर गावांची नावे आणि वेळा. हंगाम सोडला तर ऐनवेळी तिकीट मिळते, जागेचा क्रमांक मिळतो, आणि गाडी सांगितलेल्या मिनिटाला हलते. कोलोनियापर्यंत अडीच-पावणेतीन तास, पुंता देल एस्तेपर्यंत दोन-सव्वादोन, पुंता देल दिआब्लोपर्यंत साधारण पाच. आपल्या एस.टी.ची सवय असलेल्या माणसाला या प्रवासात तक्रार करण्याजोगे काही सापडत नाही, उलट काहीसे चुकल्यासारखे वाटते.

तक्रार आहे ती आडव्या प्रवासाची. सगळे मार्ग राजधानीतून फाकत असल्याने किनाऱ्याकिनाऱ्याने एका गावाहून दुसऱ्या गावी जाणे बसला जमत नाही. पुंता देल एस्तेहून पूर्वेच्या रोचा प्रांताच्या किनाऱ्यावर जायचे तर आत सान कार्लोसला जाऊन गाडी बदलावी लागली. पाऊस लागला होता आणि पुढची गाडी पावणेदोन तासांनी होती. पावसात तोर्ता फ्रिता, म्हणजे तळलेल्या पुरीसारखा पदार्थ खाण्याचा उरुग्वेत रिवाज आहे, जसा आपल्याकडे भज्यांचा. स्थानकाबाहेर एक बाई छत्रीखाली कढई मांडून बसल्या होत्या. वासाने मी ओढला गेलो, आणि पैसे काढता काढता कशात तळता म्हणून विचारले. त्यांनी अतिशय अभिमानाने सांगितले, ‘‘गाईच्या चरबीत, दुसरे कशात?’’ मी पाकीट पुन्हा खिशात घातले आणि पावणेदोन तास बाकावर बसून बिस्किटे खाल्ली. बसच्या बाजूने लिहिताना हे लपवणे योग्य नाही. पुंता देल दिआब्लोचे स्थानकही गावापासून दोनेक किलोमीटर अलीकडे आहे, आणि हंगामाबाहेर किनाऱ्यावरच्या फेऱ्या विरळ होतात.

इथवरचा हिशेब मोटारीकडे झुकतो हे मला मान्य आहे. माझ्यापुरता तो उलटला काबो पोलोनिओला, आणि तोही एका दुपारी.

पोलोनिओ हे वाळूच्या टेकड्यांपलीकडचे विखुरलेल्या घरांचे टोक आहे. १८८१ मध्ये बांधलेला दीपस्तंभ, त्याच्या पायथ्याच्या खडकांवर लोळणारे समुद्रसिंह, रस्ते नाहीत आणि घरांना विजेच्या तारा नाहीत. खासगी मोटारींना आत मज्जाव आहे. दहाव्या मार्गावर २६४ व्या किलोमीटरजवळच्या प्रवेशद्वारापाशी मोटार ठेवायची आणि उंच चाकांच्या, वर बाके बसवलेल्या ट्रकमधून सुमारे सात किलोमीटर वाळू तुडवत आत जायचे. आम्ही दोन रात्रींसाठी गेलो. उभ्या असलेल्या मोटारीचे दोन दिवसांचे भाडे चालूच होते आणि त्यावर वाहनतळाचे पैसे. तेही एक वेळ सोडून देऊ.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उत्तरेच्या किनाऱ्याने चालत निघालो. समोर वाळूच्या टेकड्यांची रांग होती आणि तिच्यामागे बार्रा दे वालिसास हे पुढचे गाव. पोलोनिओ ते वालिसास ही चाल साधारण तीन तासांची आहे. किनारा, मग टेकड्या, मग बुएना व्हिस्ता नावाची खडकाळ टेकडी, आणि शेवटी वालिसासचा ओढा, जो होडीने ओलांडायचा. बुएना व्हिस्तावर पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. मागे दीपस्तंभ काडीएवढा, पुढे वालिसासची छपरे मोजता यावीत इतकी स्पष्ट. वारा कानात भरला होता आणि वाळूच्या धारेवरून बारीक कण धुरासारखे उडत होते. पुढची वाट उताराची होती. आणि आम्ही तिथून मागे फिरलो, कारण मोटार पोलोनिओच्या दारात उभी होती, सामान त्याच बाजूला होते, आणि दुपारच्या ट्रकने परत जाऊन संध्याकाळपर्यंत पुढचा मुक्काम गाठायचा होता. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने, त्याच पावलांच्या ठशांवरून, वारा तोंडावर घेत.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही. गुंजवण्यात स्वतःची गाडी लावून राजगड चढलेला माणूस तोरण्याकडे नुसता पाहतो. एस.टी.ने आलेला संजीवनी माचीवरून पुढे निघतो आणि दुसऱ्या दिवशी वेल्ह्यात उतरतो. वाहन आपल्याला कुठेही नेते, पण नेले तिथे ते आपल्याला दावणीला बांधते. उरुग्वेचा किनारा तर सरळ दोरीसारखा आहे. बोटीने ब्युनोस आयरिसहून कोलोनियाला उतरावे आणि चुईला ब्राझीलमध्ये निघून जावे, असाच तो घडलेला. मोटार मात्र जिथून घेतली तिथे परत द्यायची असते आणि तिला सीमेपलीकडे न्यायचे तर बहुधा कंपनीची वेगळी लेखी परवानगी लागते, म्हणजे दोरीच्या टोकाशी जाऊन पुन्हा पहिल्या गाठीशी यायचे.

नोव्हेंबरात मी सगळे सामान पाठीवर घेऊन पोलोनिओहून निघालो. ओझे नऊ-दहा किलोंचे होते, टेकड्यांवर त्याने चांगला घाम काढला. बुएना व्हिस्तावर दहा मिनिटे बसलो आणि मग दुसऱ्या बाजूने उतरलो. ओढ्याशी होडीवाला ‘माते’चा, म्हणजे तिथल्या चहासारख्या कडू पेयाचा, तुंबा दोन पायांत धरून, काखेत थर्मास दाबून बसला होता. त्याने माझी पिशवी आधी घेतली, ती कोरड्या फळीवर नीट ठेवली, एक घोट घेतला, तुंबा पुन्हा भरून माझ्यापुढे केला आणि मगच वल्हे उचलले. ओढा पार करायला लागली असतील तीन-चार मिनिटे. पलीकडे वालिसासमध्ये एका टपरीवर समुद्रशेवाळाची भजी मिळाली, तेलात तळलेली, हे आधी विचारून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातूनच कास्तियोसला जाणारी बस मिळाली. कोणाला परत द्यायचे असे माझ्याजवळ काहीही नव्हते.

याचा अर्थ सर्वांनी बसनेच जावे असा मी काढत नाही. बरोबर लहान मुले असतील, घरातले ज्येष्ठ असतील, किंवा तुम्हाला किनारा सोडून ताकुआरेम्बोकडच्या कुरणांत, एखाद्या गुराख्याच्या वाड्यावर मुक्काम करायचा असेल, तर मोटारीला पर्याय नाही. जेमतेम चार दिवस असतील आणि पाहण्याच्या जागा दहा, तरीही नाही. परंतु आठवडा-दहा दिवस हाती असतील, चालण्याची आवड असेल आणि जेवणाबाबत थोडी तडजोड चालत असेल, तर माझ्या मते बसच घ्यावी. अत्लांतिदाच्या चर्चसाठी मोंतेविदेओहून एक दिवस मोटार काढावी आणि संध्याकाळी ती परत करून मोकळे व्हावे. जानेवारीत जात असाल तर बसचे तिकीट आणि खोली दोन्ही आधी घ्या, कारण त्या महिन्यात अर्धे ब्युनोस आयरिस या किनाऱ्यावर असते. ईस्टरआधीच्या आठवड्यातही तसेच, ज्याला हा धर्मनिरपेक्ष देश अधिकृतपणे ‘पर्यटनाचा आठवडा’ म्हणतो.

आमची तिसरी खेप पुढच्या मार्चमध्ये आहे आणि पत्नीने कुकरसह मोटारीचा आग्रह धरला आहे. मी होकार दिला आहे, एका अटीवर. मोटार या वेळी पोलोनिओच्या दारात न ठेवता वालिसासमध्ये ठेवायची, होडीने ओढा ओलांडून टेकड्यांवरून पोलोनिओला चालत जायचे, रात्र तिथे काढायची आणि सकाळी ट्रकने मुख्य रस्त्यावर येऊन वालिसासला परतायचे. तेवढ्या शेवटच्या टप्प्यासाठी बसचे वेळापत्रक मी आताच उतरवून घेतले आहे.