इंजिनाचा लंगोट: घरी बांधलेल्या ड्रॅग कारला डायपर घालावा का?

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांची पाव मैलाची शर्यत. इंजिन फुटलं तर तेल अडवायला त्याच्या खाली जे कापड बांधतात, त्याला तिथले लोक सरळ ‘डायपर’ म्हणतात. नियमपुस्तकातलं नाव लांबलचक आहे, ते पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करायच्या जागी, कुणाच्या तोंडी ऐकू येत नाही. बाळाला लंगोट बांधतात तसाच हा इंजिनाच्या खालून घेऊन दोन्ही कुशींवर चढवायचा आणि पट्ट्यांनी आवळायचा. कामही तेच, जे बाहेर पडणार ते आतच धरून ठेवायचं. हे परीक्षण रेसिंगच्या सुरक्षा-साहित्याची प्रमाणं ठरवणाऱ्या एसएफआयच्या ७.१ प्रमाणाच्या, बॅलिस्टिक (गोळी अडवणाऱ्या जातीच्या) कापडाच्या डायपरचं आहे, स्मॉल ब्लॉक शेव्हरोले या व्ही-८ इंजिनावर बसणाऱ्या मापाचं. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये बांधलेल्या ड्रॅग कारमध्ये हे इंजिन सर्रास दिसतं, म्हणून हेच माप धरलं.

निकाल आधीच सांगतो: घ्या. किंमत काही शे डॉलर आहे. तेवढ्यात मोठा कार्बोरेटर येतो आणि हात तिकडेच जातो, हे मान्य. तरी आधी डायपर घ्या. इंजिन फुटल्यावर संध्याकाळी पिटमध्ये जी हसाहशी चालते, ती याच कापडाच्या जिवावर चालते.

रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, तुटून ब्लॉकच्या बाहेर आला की अमेरिकेत म्हणतात, ‘ब्लॉकला खिडकी पाडली’. ब्रिटनमध्ये म्हणतात, ‘इंजिनानं पांघरुणाबाहेर पाय काढला’. फुटलेला ब्लॉक म्हणजे ‘होडीचा नांगर’. तुटक्या पिस्टनची रक्षापात्रं होतात, वाकडा रॉड टेबलावर कागद दाबायला जातो. बऱ्याच स्थानिक ट्रॅकवर दिवसातल्या सगळ्यात फुटक्या नशिबाच्या गाडीला ‘हार्ड लक’ म्हणून बक्षीस मिळतं आणि टाळ्या विजेत्यापेक्षा त्यालाच जास्त पडतात. पण हे सगळं कधी? माणूस स्वतःच्या पायांनी गाडीतून उतरला असेल तेव्हा. आणि दुसऱ्या लेनमधली गाडी त्याच्या तेलावरून घसरली नसेल तेव्हा. आपल्याकडे हसू आणि हसं वेगळं असतं. तेल गाडीखालीच राहिलं तर हसू. ते पाव मैलभर सांडलं आणि तीस-चाळीस गाड्या रांगेत तिष्ठत राहिल्या, तर हसं.

तेलाचा हिशेब नीट समजून घ्या. या इंजिनाच्या साध्या चेंबरमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या भांड्यात, फिल्टरसकट पाच क्वार्ट, म्हणजे पावणेपाच लिटरच्या आसपास तेल असतं. ड्रॅगसाठीच्या खोल चेंबरमध्ये सहा ते आठ क्वार्ट. रॉडनं चेंबर किंवा ब्लॉकची कूस फोडली की हे तेल दोन-तीन सेकंदांत बाहेर येतं. पाव मैलाच्या शेवटी गाडी ताशी २०० किलोमीटरवर असेल तर ती सेकंदाला ५५ मीटर कापते. चेंबरच्या मागे साधारण दोन मीटरवर मागची चाकं. म्हणजे जमिनीवर पडलेलं तेल आपल्याच स्लिक (बिननक्षीच्या) टायरखाली यायला सेकंदाचा पंचविसावा भागही लागत नाही. पहिला बळी शेजारच्या लेनमधला नसतो, आपली स्वतःची गाडी असते. रॉड तुटल्यानंतर गाडी भिंतीवर जाते ती बहुतेक वेळा इंजिन बंद पडल्यानं नव्हे, मागची चाकं तेलावर आल्यानं.

ट्रॅकचंही बघा. सुरुवातीच्या पट्ट्यावर राळेचा चिकट थर आणि टायरचं रबर इतकं बसवलेलं असतं की चालताना बूट अडकतो. तेल तो थर मऊ करून उचलतं. मग शोषक भुकटी टाका, झाडा, धुवा, वाळवा, पुन्हा राळ फवारा, ट्रॅक्टरनं टायर ओढून रबर चढवा. अर्धा-पाऊण तास सहज जातो. एका रॉड बोल्टपायी, रॉडला क्रँकवर आवळून धरणाऱ्या बोल्टपायी.

बोल्ट का तुटतो हे डायपर घेणाऱ्यानं समजून घ्यायला हवं, कारण डायपर हा बोल्टला पर्याय नाही. रॉडवरचा सगळ्यात वाईट ताण स्फोटाच्या वेळी येत नाही. तो येतो एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी, पिस्टन वर पोचून थांबतो आणि क्रँक त्याला खाली खेचतो तेव्हा. त्या क्षणी पिस्टनच्या डोक्यावर गॅसचा दाब नसतो, सगळं वजन बोल्टवर लटकतं. हा ताण फेऱ्यांच्या वर्गानं वाढतो: ६००० वरून ७५०० आरपीएमवर गेलात की सव्वापट नव्हे, दीडपटीहून जास्त. म्हणूनच पुष्कळ रॉड फिनिश लाइन ओलांडून पाय उचलल्यावर तुटतात आणि बघणाऱ्याला वाटतं, आता तर शर्यत संपली होती, आत्ताच काय झालं! बोल्ट टॉर्क रेंचच्या भरवशावर न आवळता ताण मोजून आवळा. बोल्ट किती लांबायला हवा याचा आकडा उत्पादक देतो, तो हजारांश इंचात असतो. मूळ लांबी बांधण्याआधी वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी खोलल्यावर सुटा बोल्ट त्या मापापेक्षा लांब भरला तर फेकून द्या.

आता वस्तूकडे. बाहेरून बॅलिस्टिक कापडाचे थर, आत शोषक पॅड, कडेला पट्ट्या आणि बकलं. चांगल्या डायपरमध्ये तीन गोष्टी बघा. पहिली, कुशीची उंची. रॉड बाहेर येतो तो बहुधा चेंबरच्या वर, ब्लॉकच्या पोटातून. चेंबरच्या पॅकिंगपाशी संपणारा डायपर त्या खिडकीच्या खालीच राहतो आणि तेल वरून ओसंडून हेडरवर, म्हणजे एक्झॉस्टच्या तापलेल्या पाइपांवर, जातं. तो हेडरच्या पाइपांच्या खालपर्यंत यायला हवा. दुसरी, भोकं. स्टार्टर, इंजिन माउंट, तेलाचा फिल्टर, डिपस्टिकची नळी, यांतलं प्रत्येक भोक म्हणजे एक गळती, म्हणून भोकाला कॉलर किंवा घट्ट ओढून घ्यायची झालर हवी. तिसरी, पुढची-मागची वर वळलेली ओठासारखी कड. गाडी सुटते तेव्हा तेल मागे धावतं आणि पॅराशूट किंवा ब्रेक लागला की पुढे. कड सपाट असेल तर भरलेली परात तिरकी केल्यासारखं तेल सांडतं.

माप घेताना फक्त ‘स्मॉल ब्लॉक’ एवढं सांगून भागत नाही. चेंबर किती खोल आहे, त्याला बाजूची फुगीर कूस आहे का, तेलाचा खोलगट भाग पुढे आहे की मागे, स्टार्टर कुठल्या बाजूला आहे, इंजिन माउंटवर बसवलंय की पुढच्या प्लेटवर, हे सगळं विक्रेत्याला कळवा. खोल चेंबरवर उथळ डायपर ताणून बसवला की मधलं कापड चेंबरला घासून पातळ होतं आणि नेमकं तिथूनच फाटतं.

बसवायला दोन माणसं आणि दोन तास धरा. गाडी स्टँडवर घ्या, इंजिन थंड असू द्या. आधी ब्लॉक आणि चेंबर डीग्रीजरनं धुऊन कोरडे करा, कारण पुढे पॅडवर दिसणारा प्रत्येक डाग नवा आहे हे ठाऊक असलं पाहिजे. डायपर खालून लावा, पट्ट्या सैल ठेवून सगळी भोकं जागेवर आणा आणि मगच बाजू आलटून-पालटून आवळत जा. पट्टी हेडरला टेकू देऊ नका. किमान दोन बोटं अंतर ठेवा, जमत नसेल तर मध्ये उष्णतारोधक बाही घाला. मग इंजिन चालू करून गरम होऊ द्या, बंद करा आणि पट्ट्या पुन्हा तपासा. कापड गरम झालं की सैलावतं. पहिल्याच पासनंतर (ट्रॅकवरच्या एका धावेनंतर) एक बाजू लोंबलेली दिसते ती यामुळेच.

आता दोष. सगळ्यात मोठा दोष हा की डायपर गळती झाकतो. क्रँकचं मागचं सील पाझरत असेल, टॅपेट कव्हरचं पॅकिंग खराब झालं असेल, तर एरवी जमिनीवर थेंब दिसला असता. आता तो थेंब पॅडमध्ये मुरतो आणि दोन महिन्यांत हेडरशेजारी तेलानं भिजलेलं कापड तयार होतं. तेल साधारण २०० अंश सेल्सियसच्या पुढे पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि हेडर त्याहून कितीतरी तापतात. त्यामुळे प्रत्येक रेसच्या दिवसानंतर एक बाजू सोडून पॅड बघणं ही सवयच हवी. भिजलेला पॅड बदलायचा, पिळून परत घालायचा नाही.

आणि पॅड बघायला शिकलात तर हाच दोष गुण होतो. पांढऱ्या पॅडवर डाग कुठे आहे त्यावरून गळती कुठली ते कळतं: मागच्या टोकाला मधोमध असेल तर सील, दोन्ही कुशींवर वरून खाली आलेले ओघळ असतील तर टॅपेट कव्हर. डागाचं तेल बोटावर घेऊन उन्हात धरा. बारीक करडी चमक असेल तर बेअरिंगचा वरचा मऊ थर जातोय. चमक तांबूस असेल तर तो थर संपून खालचा तांब्याचा थर उघडा पडलाय. तांबूस दिसलं की गाडी ट्रेलरवर चढवा, तेलाचा फिल्टर कापून त्याची घडी उलगडून बघा आणि पुढचा पास विसरा. पुढच्या पासला खिडकी ठरलेली.

पॅड संपले म्हणून हाताला येईल ते भरू नका. आतलं अस्तर न पेटणारंच हवं. दुकानात मिळणारे साधे तेलशोषक पॅड पुष्कळदा पॉलिप्रोपिलीनचे असतात, ते तेल छान पितात आणि छान पेटतातही. बाळाचे खरे डायपर भरायची कल्पना नावामुळे हमखास कुणाला तरी सुचते. त्यांच्यातली पूड पाणी शोषून फुगते, तेलाला ती दाद देत नाही. वरून प्लास्टिक हेडरवर वितळतं ते वेगळंच.

दुसरा दोष उंचीचा. ट्रेलरच्या उतरंडीवर लोंबता डायपर घासतो. पुढची चाकं उचलणाऱ्या गाड्यांना तर जास्तच जपावं लागतं. गाडी हवेतून आपटली की चेंबर आणि जमीन यांच्यामध्ये डायपर सापडतो, वरून धड दिसतो आणि तळाला चिरलेला असतो. प्रत्येक मोठ्या व्हीलस्टँडनंतर खाली आरसा सरकवून बघा.

धातूचा बेली पॅन हा पर्याय आहे. तो फाटत नाही, पुसून स्वच्छ होतो, नळ्या जोडून बनवलेल्या ट्यूब चासीच्या गाडीत सुबक बसतो. पण शेव्हरोलेच्या जुन्या कॅमेरो किंवा नोव्हाच्या मूळ चासीत क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंगच्या दांड्यांमधून तो बसवणं जिकिरीचं. अशा गाडीला कापडच बरं. सेकंडहँड डायपर मात्र घेऊ नका. त्यानं आधी एखादा रॉड झेलला आहे का, हे बाहेरून कळत नाही, आणि प्रमाणपत्राची पट्टी जुनी किंवा फाटकी असेल तर तपासणीत गाडी परत पाठवतात.

डायपरच्या आवाक्याबाहेरचंही सांगायला हवं. गिअरबॉक्सचं तेल त्याच्या हद्दीत येत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या डिपस्टिकला लॉक नसेल तर तेल नळीतून वर येऊन हेडरवर पडतं आणि ती आग डायपरला वळसा घालून लागते. एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या अमेरिकी संघटनेच्या नियमात पाव मैलाला १०.९९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला एसएफआय ४.१ प्रमाणाची ढाल लागते, ती वेगळी घ्यावी लागते. रेडिएटरच्या उतू जाणाऱ्या पाण्यासाठी किमान १६ औंसांचा डबा लागतोच. पाणीसुद्धा टायरखाली तेलाइतकंच घातक.

आणि फुटलंच तर? आवाज बदलला, आरशात धूर दिसला, तेलाचा दाब पडला, यांतलं एकही जाणवलं की पाय उचला, न्यूट्रल करा आणि गाडी सरळ ठेवून हळूहळू आपल्याच लेनच्या भिंतीकडच्या कडेला न्या, म्हणजे काही गळलंच तर ते चाकांच्या पट्ट्याबाहेर राहील. पहिल्या वळणानं बाहेर पडायची घाई करू नका. त्या नादात तेलाची रेघ दोन्ही लेन आडव्या कापते. थांबा, मुख्य स्विच बंद करा, बचाव पथक येईपर्यंत गाडी हलवू नका. परतीच्या रस्त्यावर टोचनानंच जा. आणि डायपर तिथेच उघडू नका. तो भरलेला असतो, बकल सोडलं की पाच-सहा लिटर गरम तेल बुटांवर येतं. पिटमध्ये खाली पसरट परात ठेवा, मग एक कोपरा सोडा. त्या परातीत रॉडचे तुकडे, बेअरिंगची पत्री, कधी पिस्टनची अर्धी कड पडते. एकेक तुकडा वर येतो तसा भोवतीच्या लोकांचा हशा वाढतो, कुणीतरी सगळ्यात मोठा तुकडा मागून घेतं. ते तुकडे धुऊन, मांडून ठेवा. बोल्टची मान जिथे ताणून बारीक झाली आहे तो तुकडा आधी तुटला, बाकीचे त्यानं तोडले. कारण तिथंच सापडतं.

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन होते, तिथे उतरणाऱ्या बऱ्याचशा गाड्या रस्त्यावरच्याच, ताकद वाढवलेल्या असतात. त्यांच्यासाठी तयार माप मिळणं कठीण, आणि मूळ इंजिन मूळ आरपीएममध्येच चालणार असेल तर गरजही कमी. पण टर्बोचा दाब वाढवला असेल, आरपीएमची मर्यादा वर नेली असेल आणि रॉड मात्र कंपनीचेच असतील, तर आधी रॉड आणि बोल्ट बदला. डायपर शिवून घ्यायचा झाला तर चेंबर उतरवून, पुठ्ठ्याचा साचा कापून, भोकांच्या जागा खुणा करून तो साचाच उत्पादकाकडे पाठवा. फोनवर सांगितलेल्या मापानं शिवलेला डायपर स्टार्टरपाशी हमखास अडतो.